शेंदराची भट्टी

खंडेनवमीला दौलतच्या हातातून तलवार पडली.

जगदाळ्यांच्या घरात ही एकच तलवार उरली होती. दौलतचे खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेत शिलेदार होते. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन ते माळव्यात आले आणि उज्जैनजवळ निंबोद्याला जमीन मिळाली तिथंच राहिले. पुढं घोडे गेले, जमीन भावकीत वाटली गेली, शिंदे सरकार गेलं, मध्यभारत झाला. तलवार तेवढी राहिली. दर खंडेनवमीला दौलतचे वडील भय्यासाहेब ती तेलानं पुसून पाटावर ठेवायचे. पूजा झाली की मुलानं ती दोन्ही डोळ्यांना आणि कपाळाला लावायची. गावातली मंडळी ओट्यावर बसून बघायची.

त्या वर्षी दौलतनं मूठ धरली, तलवार छातीपर्यंत आणली आणि त्याचं मनगट खाली लोंबलं. तलवार फरशीवर आपटली. दिव्याची वात तिरपी झाली.

"उचल," भय्यासाहेब म्हणाले.

दौलतनं पुन्हा उचलली. बोटं वळत होती, पण पंजा वर होत नव्हता. कुणी आतून दोरी कापल्यासारखा तो मनगटापासून सुटला होता. त्यानं डावा हात पुढं केला.

"डाव्या हातानं नाही." भय्यासाहेबांनी तलवार त्याच्याकडून घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. ओट्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "शेंदूर घोटून घोटून हात गेला पहिलवानाचा." कुणी हसलं नाही. न हसण्याचंच दौलतला जास्त लागलं.

शेंदूर घोटणं हे खरंच होतं. लग्नानंतर दुसऱ्या साली गारपिटीनं उभा गहू झोपला, तेव्हा एका वर्षापुरता म्हणून तो उज्जैनातल्या भेरूगढच्या पलीकडं पन्नालाल सेठच्या भट्टीवर गेला, आणि मग राहिलाच. लोखंडी कढईत शिसं वितळवायचं, लांब सळईनं ढवळत राहायचं, वर पिवळी पूड धरली की ती काढून दळायची आणि पुन्हा मंद आचेवर भाजायची. आच जास्त झाली की रंग मरतो, कमी पडली तर पिवळाच राहतो. गरम असताना पूड काळपट जांभळी दिसते. ती निवल्यावर कशी उतरेल हे आधीच ओळखावं लागतं. दौलत ते ओळखायचा. मारुतीला, भैरवाला, रस्त्याकडेच्या म्हसोबाला उज्जैनात जो चांगला शेंदूर चढे त्यातला पुष्कळसा त्याच्या हातचा होता. बाजारातून जाताना एखादा मारुती लालभडक दिसला की तो सायकलवरून उतरून हात जोडायचा. त्यात थोडा नमस्कार स्वतःच्या हाताला असे.

भट्टीवर पूड सगळीकडं असायची. भुवयांत, पागोट्यात, भाकरीवर. घरी आल्यावर अहल्या, त्याची बायको, विहिरीवर त्याच्या पाठीवर पाणी ओतायची तेव्हा मोरीतून केशरी ओघळ जायचा.

अहल्येला लग्नानंतर वर्षाच्या आत मुलगी झाली होती. तीन महिन्यांची होऊन तापानं गेली. त्यानंतर दौलत भट्टीवर लागला, आणि पुन्हा अहल्येची कूस उजवली नाही. सुरुवातीला कुणी काही म्हणालं नाही. मग दौलतच्या आईनं, जिजींनी, सोमवार धरायला लावले. मग शनिवार. मग वैद्याचे काढे झाले. शेजारणी बारशाला अहल्येला बोलवायचं विसरू लागल्या. ती कुणाकडं तक्रार करत नसे. बोलावणं नसलं तर त्या दिवशी गोठा सारवायला घ्यायची आणि शेणाचा हात असा फिरवायची की जमीन आरशासारखी व्हावी.

दसरा झाला तसं दौलतच्या पोटात कळा सुरू झाल्या. बेंबीभोवती पिळवटून यायचं, तो गुडघे पोटाशी घेऊन बाजेवर पडायचा. चौथ्या दिवशी अहल्येनं बैलगाडी जुंपायला लावली.

उज्जैनला फ्रीगंजात टावरजवळ डॉक्टर यज्ञेश्वर दातारांचा दवाखाना होता. दातार म्हातारे, पुण्याकडून रेल्वेच्या नोकरीत आलेले आणि निवृत्त होऊन इथंच राहिलेले. त्यांनी दौलतला तोंड उघडायला सांगितलं, ओठ खाली ओढला आणि हिरड्यांकडं बघत राहिले.

"दातांच्या मुळाशी ही निळी रेघ कधीपासून आहे?"

"बघितली नाही कधी."

"काम काय करता?"

"शेंदूर बनवतो," दौलत म्हणाला. कळ चालू होती तरी मान ताठ झाली. "पन्नालाल सेठच्या भट्टीवर. रंग माझ्याच हातचा असतो."

डॉक्टरांनी ओठ सोडला. "तो रंग तुमच्या रक्तात गेलाय जगदाळे. शिसं आहे ते. पोट त्यानंच दुखतंय, हातही त्यानंच पडलाय." त्यांनी इंजेक्शन दिलं, दूध प्यायला सांगितलं, भट्टी बंद करायला सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मुलं किती?"

अहल्या दाराशी उभी होती. तिनं पदर पुढं ओढला.

"एक झाली होती. गेली. मग नाही."

"ती झाली तेव्हा भट्टीवर होता?"

"नाही. नंतर लागलो."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला. "बाईंना बाहेर बसू दे," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी सांगितलं ते दौलतला नीट कळायला वेळ लागला. शिसं पुरुषाच्या बीजापर्यंत जातं. विलायतेत छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे ओतणाऱ्यांचं, रंग लावणाऱ्यांचं हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. त्यांच्या घरी पाळणा हलत नाही, किंवा हललाच तर मूल टिकत नाही. "तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. तपासलं तर कळेल." त्यांनी कपाटातून रुंद तोंडाची काचेची बाटली काढली आणि मागच्या खोलीकडं बोट केलं.

दौलतला आधी कळलं नाही. कळल्यावर त्याचे कान तापले. मागच्या खोलीत औषधांची खोकी होती आणि भिंतीवर रेल्वेचं जुनं कॅलेंडर. पडद्यापलीकडं कंपाउंडर खलबत्त्यात काही कुटत होता. शिलेदाराच्या वंशातला माणूस लुळा हात घेऊन त्या खोलीत उभा राहिला. घाम पुसला, एकदा दारापर्यंत गेला, परत फिरला. शेवटी बाटली घेऊन बाहेर आला तेव्हा तिच्यावर त्यानं रुमाल टाकला होता. कंपाउंडरनं रुमालासकट घेतली. तेवढ्यासाठी दौलतला तो माणूस जन्मभर आवडला.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "शुक्रजंतू फार थोडे आहेत. जे आहेत ते वेडेवाकडे, हलत नाहीत. बाईंमध्ये दोष आहे असं मला दिसत नाही. भट्टी सोडा. शरीर हळूहळू शिसं टाकतं. हात सुधारेल. बाकीचं वचन मी देणार नाही."

परत येताना क्षिप्रेच्या उतारावर गाडी हळू झाली तेव्हा दौलतनं सगळं सांगितलं. बैलांच्या पाठीकडं बघत सांगितलं.

अहल्या म्हणाली, "इतके सोमवार मी तुमच्या शिश्यासाठी धरले होय?"

दौलतनं लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. ती थांबली नाही.

"जिजी देवासला गोष्ट करून राहिल्यात. सुधाकरमामांच्या जयूची. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग ऐका. हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या तोंडून नवऱ्याची कमी कुणाला कळणार नाही. मला वांझ म्हणाले तरी नाही. पण सवत आली तर मी एक दिवस राहणार नाही. रडत जाणार नाही, गाडी जुंपून जाईन."

कार्तिकाच्या सुरुवातीला देवासची मंडळी आली. जिजींचे मावसभाऊ सुधाकरराव, त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ. ओट्यावर सतरंजी घातली. जिजी दाराआड बसल्या. पाण्याचे तांबे आणि चहा घेऊन अहल्या स्वतः बाहेर आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि कप ठेवताना एकाही कपाचा आवाज झाला नाही. सुधाकररावांनी नजर वळवली.

"तसा दिल्लीत कायदा झालाय म्हणतात दुसऱ्या लग्नाविरुद्ध," ते चहा फुंकत म्हणाले, "पण खेड्यात कोण बघायला येतंय? वंशाची बात आहे. अहल्येला कुणी घराबाहेर काढून नाही राहिलं. राहील तीही, कोपऱ्यात."

"कोपऱ्यात का?" दौलत म्हणाला.

भय्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मोठ्यांच्या बोलण्यात तो कधी बोलत नसे.

"मामा, जयूला इथं देऊ नका. तिलाही मूल होणार नाही. दोष माझ्यात आहे. डॉक्टरनं काचेखाली बघून सांगितलंय. भट्टीचं शिसं माझ्या बीजात गेलंय. अहल्या चांगली आहे. ती आधीही चांगली होती."

समोरच्या रस्त्यावरून गावाचा पटेल आणि दोन माणसं जात होती, ती थांबली. दौलतनं त्यांनाही बघितलं आणि आवाज कमी केला नाही. "सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल. इतकी वर्षं तिचं नाव घेतलंत, आता माझं घ्या."

सुधाकररावांचा कप बशीत वाजला. बरोबरचे गृहस्थ जोडे शोधू लागले. दाराआडून जिजींचा आवाज आला, "दौलू, जीभ झडो तुझी!" आणि मग रडणं.

भय्यासाहेब उठले. मंडळींना गाडीपर्यंत पोचवून आले. परत आल्यावर मुलाच्या समोर उभे राहिले.

"जगदाळ्यांच्या घरात आजपर्यंत कुणी असं बोललं नव्हतं."

"कुणाला बोलायची वेळ आली नसेल, भय्यासाहेब."

ते आत गेले. त्यानंतर ते दौलतशी बोलेनात.

पेरणी मात्र बोलण्यासाठी थांबत नाही. काळ्या जमिनीत ओल होती तोवर गहू पडायला हवा होता. आठवडाभर वारा सुटला आणि ढेकळं वरून पांढरी होऊ लागली. गावातला प्रत्येक गडी आपापल्या रानात होता. दौलतनं पेरायची तिफण जुंपली, पण तिफणीवर दाब द्यायला मनगट लागतं. पहिल्याच तासाला, पहिल्याच ओळीला, फण वर उचलले गेले आणि बी उघड्यावर पडलं. त्यानं दोन्ही हातांनी धरून बघितलं, कोपर टेकवून बघितलं. उजवा पंजा घसरून खाली लोंबायचा. तास नागमोडी गेला. पलीकडच्या बांधावर बिडी ओढत बसलेले दोघे बघत होते.

अहल्या तिफणीच्या चाड्यात, वरच्या वाटीत, बी सोडत मागून येत होती. बायका चाडं धरतात, तिफण धरत नाहीत. सगळ्या माळव्यात कुठंही नाही. ती थांबली. ओटीतलं बी तिनं दौलतच्या धोतराच्या सोग्यात ओतलं.

"डाव्या हातानं सोडता येईल ना?"

"लोक बघताहेत."

"बघू दे. तुम्ही ओट्यावर बोललात तेव्हाही बघत होते."

तिनं काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि तिफण धरली. बैल नवखा हात ओळखून अडले. तिनं शेपटीला हात लावला, ओरडली, सगळं अंग रेटलं. तिफण वाकडी गेली. बांधावरचे दोघे मोठ्यांदा हसले. "अरे जगदाळे! अब घर में मरद कौन है?"

दौलतनं ऐकलं. बी सोडत राहिला.

तेवढ्यात रानाच्या कडेनं भय्यासाहेब आले. सत्तरीचा माणूस, डोक्याला पागोटं, पायात वहाणा. लोकांना वाटलं सुनेला हाकलायला आले. त्यांनी वहाणा बांधावर काढल्या, पागोटं काढून त्यांच्यावर ठेवलं आणि बैलांच्या पुढं जाऊन कासरा हातात घेतला.

"सूनबाई, दाब डाव्या बाजूला कमी द्या," ते मागं न बघता म्हणाले. "तास मी सरळ ठेवतो."

आणि चालू लागले. तिफण सरळ झाली. पुढं म्हातारा, मधे बैल, मागं अहल्या आणि तिच्या मागं डाव्या हातानं चाड्यात गहू सोडणारा दौलत. बांधावरच्या दोघांनी बिड्या विझवल्या. संध्याकाळी अहल्येचे तळवे फुटले होते. जिजींनी हळद-तेल गरम करून तिच्यापुढं ठेवलं आणि तिथून उठून गेल्या.

हात थोडा वळू लागल्यावर दौलत एकदा भट्टीवर गेला. कामाला नाही. पन्नालाल सेठ गादीवरून उठून पुढं आले. "दौलतराव! तुम्हारे बिना रंग मर रहा है. सळई मत पकड़ो, बस खड़े रहो, आंच बताओ."

"नाही सेठजी. मी या लोकांशी दोन शब्द बोलायला आलोय."

कढईभोवती चौघे होते, तोंडाला फडकी बांधलेले. दौलतनं आपला हात पुढं धरला आणि पंजा वर करायचा प्रयत्न करून दाखवला. मग ओठ खाली ओढून निळी रेघ दाखवली. मग घरची गोष्ट सांगितली, बाटलीची सोडून बाकी सगळी. एकजण हसला. नानूराम हसला नाही. नानूराम दौलतच्या हाताखाली शिकलेला, भेरूगढचा. त्याची बायको तीनदा गरोदर राहिली होती आणि तिन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं.

"दादा," तो म्हणाला, "म्हारी लुगाई ने तो सब डायन केवे है."

"डाकीण तिच्यात नाही नानू. कढईत आहे."

"और थांको रंग? थां जैसो रंग तो कोई नी पकावे."

दौलतनं कढईकडं बघितलं. पूड निवत होती आणि कडेनं तो लाल रंग उमलत होता, त्याचा रंग, आता दुसऱ्याच्या हातून उतरणारा. "रंग चांगलाच होता," तो म्हणाला. "त्याची लाज मला नाही. देव दगडाचे असतात, त्यांना सोसतो. आपल्याला नाही."

सेठनं त्याला पुन्हा आवारात पाऊल टाकू दिलं नाही. गावात त्याचं नाव 'ठंडा शिलेदार' पडलं. ते ऐकलं की तो थांबून रामराम घालायचा. हळूहळू नाव घेणारेच कंटाळले. नानूरामनं होळीनंतर भट्टी सोडली आणि कापड छापणाऱ्या छिप्यांकडं धुण्याच्या कामाला लागला.

वर्ष गेलं. मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पाट्या बदलल्या. दौलतचा हात सुधारला. तिफण धरता येऊ लागली, तरी निम्म्या रानात ती अहल्याच धरायची आणि आता त्याचं कुणाला नवल वाटत नसे. दातारांनी पुन्हा काचेखाली बघितलं. थोडा फरक होता, फार नव्हता. "तुम्ही फार वर्षं होता हो तिथं," ते म्हणाले. दौलत आणि अहल्या टावर चौकात कचोरी खाऊन घरी आले. त्या घरात पुढंही पाळणा हलला नाही.

पण नानूरामकडं हलला. चौथ्या खेपेला त्याच्या बायकोचे दिवस भरले आणि मुलगा झाला, टिकला, दोन्ही मुठींनी हवा मारणारा. नानूराम स्वतः निंबोद्याला आला, ओट्याखाली उभा राहिला आणि सगळ्यांना बारशाचं बोलावणं देऊन अहल्येकडं बघून म्हणाला, "पालने में भाभीसाब धरेगा. म्हारी लुगाई ने केवायो है."

बारशाला भेरूगढला नानूरामच्या अरुंद गल्लीत बायका दाटीनं बसल्या होत्या. जिजी आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. नानूरामच्या बायकोनं मूल अहल्येकडं दिलं तेव्हा एक म्हातारी, नानूरामची मावशी, पुढं सरकली. तिनं अहल्येच्या आणि पाळण्याच्या मधे हात घातला.

"इनकी गोद तो खाली है," ती म्हणाली. "पहला हाथ किसी भरी गोदवाली का लगे. छोरा बड़ी मुश्किल से आयो है."

अहल्या मूल धरून उभी राहिली. ती मागं सरली नाही, पुढंही गेली नाही. तिचा चेहरा, गोठा सारवताना असायचा तसा, स्थिर होता.

जिजी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळू उठल्या, कारण आता त्यांना उठायला त्रास व्हायचा. त्यांनी म्हातारीचा हात मनगटाला धरून बाजूला केला.

"मावशी, नीट ऐका. रिकामा आहे तो माझ्या पोटचा. दोष माझ्या लेकाचा, आणि तो त्यानं माझ्या ओट्यावर चार माणसांत सांगितला. ऐसा सांगणारा मरद तुमच्या गल्लीत एक दाखवा. तो बोलला म्हणून हा पोरगा आला. आणि ही त्याची बायको आहे, हिनं आमचं रान पेरलंय." त्यांचा श्वास लागला होता. त्या सुनेकडं वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली.

"अहल्या, ठेव त्याला पाळण्यात. भरल्या हातानं ठेव."

बाहेर गल्लीत पुरुषांमध्ये दौलत आणि भय्यासाहेब बसले होते. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं. भय्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"हा दौलतराव. आमचा."